सासू कुठं निजते?

तसल्या पिक्चरमधल्या घरात सासू नसते. दीर नसतो, शेजारच्या खोलीत दहावीचा अभ्यास करणारी पुतणी नसते, ओट्यावर बिडी ओढत बसलेले आजोबा नसतात. लाइट जात नाही. नळाला पाणी येणार म्हणून कुणाला पहाटे उठावं लागत नाही. दार वाजतं, माणूस आत येतो, दोन वाक्यं बोलतो आणि कपडे जमिनीवर. कपडे उतरवण्याला माझी काहीच हरकत नाही. ती दोन वाक्यं मात्र मला छळतात. या बाईला हाच माणूस का हवा आणि या माणसाला हीच बाई का हवी, याचा त्यात पत्ताच नसतो. तिच्या जागी दुसरी कुणी असती तरी चाललं असतं. ज्या ओढीला कुणीही चालतं, तिला मी ओढ कशी म्हणू?

आमचा जळगावात लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. कॅमेरा नवऱ्याकडे, एडिटिंग माझ्याकडे. हळद, वरात, सप्तपदी, पाठवणी, वरण-बट्टीच्या पंगती, सगळं माझ्या टाइमलाइनवरून जातं. दोन माणसं एकमेकांकडे कशी बघतात हे फ्रेम थांबवून, मागं घेऊन, पुन्हा पुढं नेऊन बघणं हे माझं पोटापाण्याचं काम. मोठ्यांसाठीचे पिक्चर मी पाहिले आहेत. नवऱ्यासोबत पाहिले, एकटीनंही पाहिले. चाळिशी उलटलेल्या, दोन मुलांच्या आईनं हे सांगताना मान खाली घालावी असं मला वाटत नाही. बायकांनी या पिक्चरांबद्दल कारागिरीच्या अंगानं बोललं पाहिजे, कारण त्यांत बायकांचे चेहरे कुठं कापले जातात हे आपल्याला आधी दिसतं.

सासू कुठं निजते हे सांगून उभी राहिलेली शृंगाराची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे. सातशेच्या आसपास गाथा, प्रत्येक दोन ओळींची. स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली ती मराठीत आणली. त्यातली एक गाथा इतकी नावाजली की आनंदवर्धनानं ध्वन्यालोक या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात ती उदाहरण म्हणून घेतली. घरी मुक्कामाला उतरलेल्या वाटसरूला घरातली तरुण सून सांगते: इथं सासू निजते, इथं मी, दिवसाउजेडी नीट बघून ठेव, तुला रात्रीचं दिसत नाही, चुकून अंथरुणावर येऊन पडशील. एवढंच. स्पर्श नाही, वर्णन नाही. बाई खोलीचा नकाशा सांगते आणि त्या नकाशात तिचं धाडस येतं, भीती येते, किती दिवसांचं एकटेपण असेल ते येतं. सासू ऐकत असणार, म्हणून शब्द मनाईचे निवडलेत. सासू काढून टाकली तर त्या गाथेत काय उरेल? एक बाई, एक वाटसरू, एक बिछाना. म्हणजे आज मोबाइलवर फुकट मिळतं तेवढंच.

आमच्या खान्देशात हा नकाशा कालपरवापर्यंत घरोघरी होता. जुनी घरं धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडं पारा पंचेचाळिशीला टेकला की अख्खं घर धाब्यावर झोपायला जायचं. सगळ्यांची अंथरुणं रांगेनं, वर आभाळ. नव्या जोडप्याचं कसं व्हायचं, हा प्रश्न मी अमळनेरकडच्या माझ्या मावशीला एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, विचारला होता. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात, आणि त्या गाण्यांत नवऱ्याच्या आठवणीपासून चेष्टेपर्यंत सगळं असतं, त्यामुळे असले प्रश्न त्याच दिवशी सुचतात. मावशी आधी म्हणाली, “काय विचारतेस वं!” मग सांगायला लागली. मावसा मंगळवारच्या बाजारातून गोडीशेवेची पुडी आणायचे. घरात सगळ्यांसाठी एक पुडी असायची ती वेगळी. दुसरी लहान पुडी ते मागच्या पडवीतल्या कोनाड्यात, दिव्याच्या आड ठेवायचे. पुडी दिसली की त्या रात्री सगळे धाब्यावर गेल्यावर मावशीनं खाली भांडी घासायला जरा जास्त वेळ लावायचा. पुडी तिनं उचलली नाही, तशीच राहू दिली, तर आज नको. मावसांनी पुडी ठेवायची आणि मावशीनं ठरवायचं. यावर त्यांच्यात एकदाही तोंडानं बोलणं झालं नाही म्हणे.

मी हे ऐकून थक्क झाले होते. संमती संमती म्हणून आपण आज जे शिकवायला निघालो आहोत, ते एका अंगठाछाप माणसानं शेवेच्या पुडीत बसवलं होतं, आणि नाही म्हणायची सोय आधी करून ठेवली होती. शिवाय त्यात केवढा शृंगार! दिवसभर ती पुडी कोनाड्यात आहे, येता-जाता मावशीला दिसतेय, सासू चार हातांवर ज्वारी निवडतेय. कुठल्याही दिग्दर्शकाला याहून चांगली पंधरा मिनिटं लिहून दाखवता येतील का, मला शंका आहे. मी ‘भावनेचा खरेपणा’ म्हणते तेव्हा मला हे म्हणायचं असतं. घामट अंधारं चित्रण किंवा रडारड मला नको आहे. या दोघांचंच, दुसऱ्या कुणाचं होऊ न शकणारं काहीतरी पडद्यावर असावं.

एडिटिंगमध्ये हे रोज हाताला लागतं. शिरपूरकडच्या एका जोडप्याचं प्री-वेडिंग आम्ही तोरणमाळला केलं. यशवंत तलावाच्या काठी ड्रोन उडवला, धुराच्या कांड्या लावल्या, पिक्चरमध्ये असतात तशा मिठ्या घ्यायला लावल्या. मुलगा-मुलगी आखडलेली, हसू चिकटवलेलं. चढावर एका ठिकाणी माझा नवरा ‘कट’ म्हणाला आणि दुसरा कॅमेरा बंद करायचा राहून गेला. त्यात मुलगी कमरेवर हात ठेवून उभी आहे. मुलगा तिच्याकडे बघून म्हणतो, “दम लागना का तुले? बठ जराखं.” ती बसते. तो बाटलीचं झाकण उघडून पाणी तिच्या हातात देतो आणि ऊन तिच्या तोंडावर येतंय म्हणून दोन पावलं सरकून मध्ये उभा राहतो. ती वर बघते. त्या बघण्यात काय होतं ते मी लिहून सांगू शकत नाही, पण दोघांमध्ये आता पुढं काय काय होणार आहे ते सगळं त्यात होतं. तो तुकडा मी एकही कट न मारता व्हिडिओत ठेवला. घरच्यांना ड्रोन आवडला. त्या दोघांनी हा तुकडा वेगळा मागून घेतला.

आता हाच तुकडा एखाद्या प्रौढ पिक्चरमध्ये पलंगावरच्या प्रसंगाच्या आधी आहे असं समजा. नंतरचं सगळं बदलतं. शरीरं तीच, हालचाली त्याच, पण आता बघणाऱ्याला माहीत आहे की हा माणूस ऊन अडवून उभा राहतो. तसल्या पिक्चरचं एडिटिंग नेमकं उलटं चालतं. चेहरा आला की कट. कुणी संकोचलं, कोपर लागलं, केस अडकले, दोघं हसली की कट. नंतरची शांतता तर नसतेच. काम झालं की पिक्चर संपतो. बाईचा चेहरा दिसतो तेव्हा तो सतत एकाच भावात असतो, जणू तिला मध्ये कधी वेगळं काही वाटतच नाही. माझ्या टेबलावर असं फुटेज आलं तर मी कॅमेरामनला विचारेन, बाकीचं कुठं आहे?

हे पहिल्यापासून असंच नव्हतं, हे मला बरंच उशिरा, वाचताना कळलं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत असले पिक्चर साध्या थिएटरात लागायचे. फिल्मचा रोल महाग, थिएटरात तासभर माणूस बसवून ठेवायचा, मग गोष्ट लागणारच. रॅडली मेट्झगर नावाच्या दिग्दर्शकानं हेन्री पॅरिस या टोपणनावानं १९७६ साली ‘द ओपनिंग ऑफ मिस्टी बीथोव्हन’ काढला. त्याची गोष्ट बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकावरून घेतलेली. आदल्याच वर्षी, १९७५ ला, त्याच नाटकावरून पुलंनी ‘ती फुलराणी’ रंगमंचावर आणली होती आणि भक्ती बर्वे तिथं आपली मंजुळा होऊन उभी होती. एकच मूळ, एक आपल्या आजीसोबत बघायचं, एक दार लावून. दोन्हींचा कणा एकच: दुसऱ्याला घडवायला निघालेल्या पुरुषाला ती बाई माणूस म्हणून कधी दिसणार? या प्रश्नावर प्रौढ पिक्चरही उभा राहू शकतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग व्हिडिओ आला. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर घरात आला, आपल्याकडंही भाड्यानं आणून रात्रभर पिक्चर बघायचे. शूटिंग स्वस्त झालं आणि बघणाऱ्याच्या हातात पुढं पळवायचं बटण आलं. गोष्ट पळवता येते म्हटल्यावर गोष्ट लिहायला पैसे कोण देणार? पुढं इंटरनेटवर तर पिक्चरचे तुकडेच उरले. आमच्या धंद्यात हे मी डोळ्यांदेखत पाहिलंय. आधी तीन तासांची लग्नाची डीव्हीडी असायची, आता तीस सेकंदांचं रील मागतात. रीलमध्ये वरात बसते, एंट्री बसते. पाठवणीच्या वेळी बापानं चष्मा पुसायला लावलेला वेळ बसत नाही.

याच व्हिडिओच्या सुरुवातीच्या काळात एक बाई उलट दिशेनं निघाली, तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. कँडिडा रॉयाल. स्वतः आधी अशा पिक्चरांत काम केलेली. १९८४ मध्ये न्यूयॉर्कला तिनं फेम प्रॉडक्शन्स काढलं, बायकांसाठी आणि जोडप्यांसाठी. पुरुषाच्या सुखाचा तो ठरलेला शेवटचा शॉट, ज्यासाठी बाकी सगळा पिक्चर असतो, तो तिनं काढून टाकला. त्या जागी छेडछाड, बोलणं, वाट बघणं, जवळ घेणं आणलं. २०१५ साली ती गेली. तिच्यानंतर बार्सिलोनात राहून काम करणारी स्वीडनची एरिका लस्ट २००४ पासून तेच करतेय. २०१३ पासूनच्या तिच्या एका मालिकेत लोकांनी स्वतः लिहून पाठवलेल्या इच्छांवर छोटे पिक्चर होतात. सगळेच मला आवडले असं नाही. काहींत घर इतकं सुंदर असतं की माणसं शोभेला ठेवल्यासारखी वाटतात. पण चेहऱ्यावर कॅमेरा थांबतो, आणि बाई मध्येच काही सांगते, आणि समोरचा ऐकतो.

जपानमध्ये निक्कात्सु या जुन्या स्टुडिओनं १९७१ ते १९८८ या काळात ‘रोमन पोर्नो’ नावाखाली भराभर पिक्चर काढले. लांबी सव्वा तासाच्या आत, पैसा कमी, आणि दर थोड्या मिनिटांनी एक प्रसंग तसा हवाच. बाकी दिग्दर्शकाला मोकळीक. त्या मोकळिकीत कितीतरी जणांनी एकटी माणसं, फसलेले संसार, शहरात हरवलेल्या बायका यांच्या गोष्टी सांगितल्या. जपानी ‘पिंक’, म्हणजे कमी पैशातले असलेच, पिक्चर करत करत पुढं आलेल्या योजिरो ताकितांच्या ‘डिपार्चर्स’ला २००९ साली परदेशी पिक्चरचं ऑस्कर मिळालं, आणि तो पिक्चर मृतांना अखेरची अंघोळ-कपडे करणाऱ्या माणसाचा आहे. शरीराला आदरानं हात लावणं म्हणजे काय, हे त्यात ज्या बारकाईनं दाखवलंय त्याचं मला नवल वाटलं नाही.

इथं एक गोष्ट रागानं लिहिते. आपल्याकडच्या ग्रुपवर एखादी क्लिप फिरते आणि खाली लिहिलेलं असतं, ‘ओरिजिनल आहे’. म्हणजे लॉजवर लपवलेल्या कॅमेऱ्यातून घेतलेली, किंवा मोडलेल्या प्रेमानंतर पोरानं सूड म्हणून सोडलेली. लोकांना अभिनयाचा कंटाळा आलाय, त्यांना खरं हवंय, आणि खरं म्हणून ते चोरी बघतात. त्या मुलीचं जगणं त्या तालुक्यात संपतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-ई कलमाखाली कुणाच्या खासगी अंगाचं त्याच्या मर्जीविना चित्रण करणं, पुढं पाठवणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ६७-ए खाली अशा क्लिपा पसरवणाऱ्याला पहिल्या वेळीच पाच वर्षांपर्यंत. हे मी स्टुडिओत कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगते, कारण त्यांच्या हातात लोकांच्या घरातलं फुटेज असतं. भावनेचा खरेपणा दोन माणसांनी ठरवून, एकमेकांवर विश्वास ठेवून केलेल्या अभिनयातच येऊ शकतो. ज्या बाईला माहीतच नाही की कॅमेरा चालू आहे, तिचं खरेपण बघायचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही.

आणि कॅमेऱ्यामागं जे घडतं ते पडद्यावर येतंच. न्यूयॉर्कच्या पॉर्न धंद्यावरच्या ‘द ड्यूस’ या मालिकेत काम करणाऱ्या एमिली मीड या नटीनं अशा प्रसंगांसाठी सेटवर कुणीतरी हक्काचं माणूस मागितलं. २०१८ मध्ये एचबीओनं अलिशिया रोडिस यांना त्या मालिकेवर इंटिमसी कोऑर्डिनेटर म्हणून घेतलं, आणि नंतर आपल्या सगळ्या तशा प्रसंगांसाठी तो नियमच केला. भारतातही आता आस्था खन्ना यांच्यासारखी या कामाचं रीतसर शिक्षण घेतलेली माणसं आहेत. कुठं हात ठेवायचा, कुठं नाही, कुणाला कधी थांबवायचं हे आधी बोलून ठरतं. काहींना वाटतं त्यानं प्रेमाची मजा जाते. मला मावसांची पुडी आठवते. ठरलेलं होतं म्हणूनच मावशी निर्धास्त होती, आणि निर्धास्त होती म्हणून हसत खाली थांबायची.

आमच्याकडं ड्रोन चालवणाऱ्या पोराचं गेल्या हिवाळ्यात लग्न ठरलं. तो नवऱ्याला बाजूला घेऊन काहीतरी विचारत होता आणि मला बघून गप्प झाला. मी म्हटलं, विचार रे, मी उठते. तर म्हणाला, “नको वहिनी, तुम्हीच सांगा. पिक्चरमध्ये दाखवतात तसंच असतं का?” चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, भीतीनं तोंड उतरलेलं. त्याला वाटत होतं की पहिल्या रात्री तो नापास होणार. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले. बाईलाही सुख हवं असतं, हे ते तेव्हा छापत होते. आणि या पोराला मात्र कुणीच काही सांगितलेलं नव्हतं. मी त्याला सांगितलं की तिला विचार, दमली आहेस का. त्या रात्री फक्त बोललात तरी चालतं. हसू आलं तर हसा. त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती बघून मला त्या सगळ्या पिक्चरांचा पुन्हा राग आला. बंदी घालून हे सुटत नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं ८५७ साइट बंद करायला सांगितल्या आणि काही दिवसांतच बरंचसं मागं घेतलं. ज्याला बघायचंय तो बघतो. चांगलं सांगितलेलं काही त्याच्यासमोर नाही, ही अडचण आहे.

म्हणून मी एक पटकथा लिहायला घेतली आहे. ‘ए’ प्रमाणपत्र मिळेल असंच धरून चालले आहे. भुसावळचं रेल्वे क्वार्टर. तो रात्रपाळीचा, ती अंगणवाडीत नोकरीला. तो सकाळी येतो तेव्हा मुलं शाळेत गेलेली असतात, आणि तिला निघायला तासभर असतो. लग्नाला बरीच वर्षं झालेली. तिनं साडी नेसून, पदराला पिना लावून तयारी केलेली आहे, आणि तो दारात उभा आहे, अंगाला ग्रीसचा वास. ती म्हणते, “आज लवकर आला?” तो हात धुवायला जातो, साबण दोनदा लावतो. मग तिच्यामागं उभा राहून पदराच्या पिना एकेक काढायला लागतो आणि डब्याच्या झाकणात ठेवतो, कारण तासाभरानं तिला हीच साडी पुन्हा नेसून जायचंय. एक पिन कापडात अडकते, तो चष्मा शोधतो. ती हसते. ती घड्याळाकडं बघते, आणि मग घड्याळाकडं बघणं सोडते.

नवऱ्याचं म्हणणं, पिना काढायचा शॉट चाळीस सेकंदांपेक्षा जास्त नको, लोक पळवतील. मी तो पूर्ण ठेवणार आहे, शेवटच्या पिनेपर्यंत, तिच्या चेहऱ्यावर. संवाद अहिराणीत करायचे आहेत, आणि ते मला एकटीला जमणार नाहीत, त्यासाठी येत्या आखाजीला वही घेऊन अमळनेरला जाणार आहे.